स्क्वेअर डान्स करणारं इथे कोणी आहे का? (बॉस्टन आणि इतरत्र)

केतकीबन

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच बॉस्टनजवळ वॉल्थॅमला राहायला आलोय. ऑफिसातल्या एक बाई दर आठवड्याला न चुकता स्क्वेअर डान्सला जातात. त्यांच्या मागे लागून एकदा बघायला गेले आणि आता डोक्यातून जात नाहीये. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात, मंचावरचा कॉलर माइकवरून सूचना देतो, आणि आठही जण त्या ऐकत ऐकत चौकोनाच्या रांगा करतात, रांगांचं वर्तुळ करतात, पुन्हा जागेवर येतात. पुढची सूचना काय असणार हे नाचणाऱ्यांनाही माहीत नसतं!

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर तीन जणांनी गरब्याच्या तिकिटांची लिंक पाठवली. म्हणून इथे विचारते.

नवरा यायला तयार नाही. एकटीने गेलं तर चालतं का? ते फुगीर घागरे घालावेच लागतात का? आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखे नवखे लोक शोधायचे कुठे? फेसबुकवर शोधलं तर ढिगाने ग्रुप निघाले. कुठला कामाचा, कुठला नुसता जुन्या फोटोंचा, काही कळेना.

पोळीभाजी

धागा वाचायला बसलेय. नाचता येत नाही, पण कुतूहल आहे.

अष्टावधानी

केतकी, मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात बरीच वर्षं नाचतोय. क्रमाने सांगतो.

एकटीने गेलेलं चालतं. काही क्लबांत अजून जोडीनेच येण्याची पद्धत आहे, पण ती झपाट्याने कमी होतेय. तू तर बॉस्टनला आहेस, म्हणजे एमआयटीचा टेक स्क्वेअर्स क्लब जवळच आहे. १९६७ पासून चालू आहे, मंगळवारी संध्याकाळी नाचतात. जोडीदार लागत नाही. बाईने बाईची जागा आणि पुरुषाने पुरुषाचीच जागा घ्यायची असंही बंधन नाही. कपडे जीन्स-टीशर्ट. घागऱ्यांची सक्ती आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही, ज्यांना हौस आहे ते घालतात. फक्त बूट बघून घे. रबराच्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज लाकडी फरशीला चिकटतात आणि गिरकी घेताना गुडघा पिळवटतो.

लोक शोधण्याबद्दल. 'व्हेअर्स द डान्स' नावाची साइट आहे, तिथे नकाशावर क्लब आणि क्लासेस दिसतात. आधी तिथून जवळचा क्लब काढायचा, मग त्या क्लबचा स्वतःचा ग्रुप किंवा ईमेल यादी शोधायची. देशभरचे मोठे फेसबुक ग्रुप करमणुकीला ठीक. तिथे अर्धी चर्चा 'तरुण का येत नाहीत' यावर असते आणि ती कधीच संपत नाही.

ग्रुपवर पहिल्यांदा लिहिताना तीन गोष्टी सांग: कुठल्या गावात राहतेस, एकटी आहेस की जोडीने, आणि अगदी नवीन आहेस की काही येतं. एवढं असलं की लगेच उत्तर येतं. 'स्क्वेअर डान्समध्ये रस आहे' एवढंच लिहिलंस तर 'वेलकम' म्हणून दहा अंगठे येतील आणि विषय संपेल.

केतकीबन

किती छान उत्तर! 'काही येतं का' म्हणजे काय पण? पायऱ्या असतात का?

अष्टावधानी

असतात, आणि त्या समजल्याशिवाय ग्रुपवरच्या पोस्टी कळत नाहीत. कॉलरलॅब ही कॉलर मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचं पहिलं अधिवेशन १९७४ साली सेंट लुइसला झालं. कुठल्या पातळीवर कोणते कॉल, म्हणजे कॉलरच्या सूचना, येणार याच्या याद्या ते ठरवतात. बेसिक आणि मेनस्ट्रीम मिळून सत्तरच्या आसपास कॉल. त्यावर प्लस, म्हणजे आणखी तीसेक. मग अ‍ॅडव्हान्स्ड, त्याच्या वर चॅलेंज. चॅलेंजवाले वेगळ्याच ग्रहावरचे. नवख्यांसाठी अलीकडे 'सोशल स्क्वेअर डान्सिंग' नावाची पन्नासेक कॉलची छोटी यादी आली आहे, तीही बऱ्याच क्लबांनी उचलली.

म्हणजे ग्रुपवर कोणी लिहिलं 'शुक्रवारी प्लस', तर प्लसपर्यंतचे सगळे कॉल अंगवळणी पडलेल्यांनीच जायचं. हा माणुसघाणेपणा नाही. स्क्वेअरमध्ये एकाला 'रिले द ड्यूसी' हा कॉल आला नाही की आठही जण अडकतात.

पण याची दुसरी बाजू भारी आहे. याद्या जगभर त्याच, आणि कॉल सगळीकडे इंग्रजीतच. तू बॉस्टनला शिकलीस की तैवानमध्ये जाऊन नाचू शकतेस.

म्युनिककर

याला माझा दुजोरा. इथे जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी हा नाच आणला. सैनिक परत गेले, नाच राहिला. आमच्या क्लबात एक आजी आहेत, त्यांच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येत नाहीत. पण कॉलरने 'स्क्वेअर थ्रू थ्री' म्हटलं की त्या माझ्या आधी पोचलेल्या असतात. मला जर्मन येत नव्हतं आणि त्यांना इंग्रजी, तेव्हा आमची ओळख अशीच झाली.

युरोपातल्या क्लबांची ईएएएसडीसी म्हणून संघटना आहे. त्यांच्या वसंतातल्या आणि शरदातल्या जांबोऱ्यांना (मोठ्या मेळाव्यांना) दुसऱ्या देशांतूनही लोक येतात. कुठेही ट्रीपला जायचं ठरलं की मी आधी तिथला क्लब शोधतो आणि लिहितो: 'आम्ही दोघे, प्लस, अमुक तारखेला तुमच्या गावात आहोत.' उत्तर आलं नाही असं सहसा होत नाही. कित्येकदा 'स्टेशनवर घ्यायला येऊ का' इथपर्यंत.

शंकेखोर

एवढं अगत्य? अमेरिकन आणि जर्मन माणसं अनोळखी माणसाला स्टेशनवर घ्यायला येतात?

अष्टावधानी

शंकेखोर, त्यात अगत्य आहेच, पण गणितही आहे. स्क्वेअरला आठ माणसं लागतात. सात चालत नाहीत. हॉलमध्ये तेवीस जण जमले तर दोन स्क्वेअर होतात आणि सात जण खुर्चीवर बसून बघतात. एक माणूस दारातून आत आला की हे सातही उठतात. त्यामुळे या नाचात अनोळखी पाहुणा हा कधीच जास्तीचा नसतो, बहुतेक वेळा तो आठवाच असतो. आमच्या क्लबच्या ईमेल यादीवर आठवड्यातल्या निम्म्या ईमेल याच असतात: 'आज सहा आहोत, दोघं हवेत', 'सात झालो, कोणी आहे का?' संध्याकाळी साडेपाचला असं ईमेल आलं की हातातलं काम टाकून निघावंसं वाटतं.

साल्साचे ग्रुप बघितलेत का? तिथे दोन माणसं पुरतात, म्हणून तिथली ओळख दोघांपुरती राहिली तरी चालते. इथे आठ जमवावेच लागतात. त्यामुळे गावातल्या प्रत्येक नाचणाऱ्याचा नंबर कोणा ना कोणाकडे असतोच.

रानजाई

केतकी, एक महत्त्वाचा फरक सांगते, नाहीतर ग्रुप शोधताना गोंधळ होईल. मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्ट्रा डान्सही जोरात आहे. कॉनकॉर्डच्या स्काउट हाउसमध्ये कॉन्ट्रा होतो, वॉल्थॅमहून फार लांब नाही. त्यात समोरासमोर लांब ओळी असतात, बहुधा वाद्यं प्रत्यक्ष वाजतात, आणि क्लास लागत नाही. प्रत्येक नाचाआधी कॉलर एकदा चालवून दाखवतो आणि मग तोच क्रम शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा येतो. जोडीतल्या दोन भूमिकांना आता बऱ्याच ठिकाणी 'लार्क' आणि 'रॉबिन' म्हणतात. तुला या आठवड्यातच नाचायचं असेल तर कॉन्ट्राला जा. डोक्याला खाद्य हवं असेल तर स्क्वेअरचा क्लास लाव. मी दोन्ही करते. माणसं कॉन्ट्रात पटकन भेटतात, पण टिकतात स्क्वेअरमधली, कारण क्लासभर एकत्र धडपडलेली असतात.

मी मूळची गोव्याची. शिगम्यातला गोफ ज्यांनी बघितलाय त्यांना स्क्वेअर डान्स लवकर कळेल. रंगीत दोऱ्या हातात घेऊन नाचत नाचत वेणी विणायची आणि मग उलट फिरून ती सोडवायची. इथे दोऱ्या नसतात, पण माणसं तशीच एकमेकांत गुंफली जातात आणि शेवटी प्रत्येकाला आपला जोडीदार परत मिळतो. फरक एवढाच की गोफाची वीण आधी ठरलेली असते, इथे ती कॉलर जागच्या जागी रचतो.

पोळीभाजी

जागच्या जागी?? मग शेवटी सगळे आपापल्या जागी कसे येतात?

अष्टावधानी

मी कॉलिंगचा नाद थोडा केलाय, म्हणून सांगतो. यातच खरी मजा आहे. चार जोड्यांना क्रमांक असतात. कॉलरकडे पाठ करून उभी असलेली पहिली, मग उजवीकडे मोजत दुसरी, तिसरी, चौथी. पहिली आणि तिसरी 'हेड्स', दुसरी आणि चौथी 'साइड्स'. सुरुवातीलाच कॉलर एकदोन जोड्या डोक्यात पक्क्या करून ठेवतो, लाल शर्टवाला आणि त्याची निळ्या ओढणीवाली, आणि त्यांच्या शेजारी कोण होतं ते. मग सुचतील ते कॉल देत सगळ्यांना पार विस्कटून टाकतो. आवरायची वेळ झाली की त्या खुणेच्या जोड्या नजरेने शोधतो, त्या एकत्र येतील असे कॉल देतो, आणि बाकीचे आपोआप जागी बसतात. मग 'ॲलमांड लेफ्ट', म्हणजे डावा हात धरून फिरणं. प्रत्येकाच्या डाव्या हाताला नेमकी त्याची कॉर्नर, म्हणजे जोडीदाराच्या उलट बाजूची शेजारीण, उभी असते. लोक ओरडतात, कारण आपण इथवर कसे पोचलो हे कोणालाच कळलेलं नसतं.

नाचाचा एक भाग म्हणजे 'टिप'. त्याचा पहिला अर्धा असा कोड्यासारखा, त्याला पॅटर म्हणतात. दुसरा अर्धा 'सिंगिंग कॉल': कॉलर एखादं ओळखीचं गाणं गातो आणि गाण्याच्या ओळींमध्येच कॉल पेरतो. त्यात ६४ ठोक्यांची सात आवर्तनं. पॅटरमध्ये तापलेलं डोकं सिंगिंग कॉलला निवतं.

बे एरियातल्या क्लबांत संगणकवाले उगाच भरलेले नाहीत. घरी सरावाला 'टॅमिनेशन्स' बघ, प्रत्येक कॉलचं ॲनिमेशन आहे, वरून बघितल्यासारखं. क्लासला जाण्याआधी नाही, नंतर बघ. आधी बघितलं तर पाठ होतं पण पायात येत नाही.

शंकेखोर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून आठवण करून देतो. हा नाच अमेरिकन शाळांत पोचवण्यामागे हेन्री फोर्डचा पैसा आणि त्याचा वंशद्वेष होता. जाझ ही ज्यूंनी पसरवलेली घाण आहे असं त्याच्या वर्तमानपत्रात छापून यायचं, आणि त्यावर उतारा म्हणून त्याने 'शुद्ध' गोरे नाच पुढे आणले. तुमच्यासारखी सावळी माणसं तिथे जाऊन कोणाची परंपरा जपताय?

खडूसआजोबा

शंकेखोर, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं मी सांगतो. सत्तरच्या दशकात ओहायोला आलो, ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं नाचायचो. तेव्हा क्लबात आम्हीच काय ते तपकिरी.

फोर्डचं खरं आहे. त्याच्या 'डियरबॉर्न इंडिपेंडंट'मध्ये ते विष छापलं जायचं. १९२३ साली त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीची वेसाइड इन ही जुनी सराई विकत घेतली. बेंजामिन लव्हेट हा नृत्यशिक्षक त्याला त्याच भागात भेटला आणि फोर्डने त्याला मिशिगनला नेलं. १९२६ मध्ये नाचाचं पुस्तक काढलं, पुढे लव्हेटच्या नावाने डियरबॉर्नला हॉल बांधला. केतकी, ती इन तुझ्यापासून फार तर अर्ध्या तासावर. बघून ये.

पण फोर्डला जे शुद्ध गोरं वाटलं ते तसं कधीच नव्हतं. चौकोनात चार जोड्या हे फ्रेंच कोटिलियन आणि क्वाड्रिल या नाचांचं. आणि वाजवता वाजवता आकृत्यांची नावं ओरडून सांगणं, म्हणजे कॉलिंग, ते घडवण्यात दक्षिणेतल्या काळ्या फिडलवादकांचा मोठा वाटा. बऱ्याच ठिकाणी गोऱ्यांच्या नाचाला वाजवणारे आणि कॉल देणारे गुलामगिरीतले काळे कलावंत होते. म्हणजे ज्यांना बाहेर ठेवायला फोर्डने हा नाच पुढे केला, नाचाचा कणाच त्यांचा.

आज क्लबांत जे चालतं ते फोर्डचं नाहीच फारसं. ते लॉइड शॉचं. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या शायेन माउंटन शाळेचा प्रमुख. त्याने मुलांचा संघ घेऊन देशभर कार्यक्रम केले, १९३९ मध्ये काउबॉय नाचांवर पुस्तक लिहिलं, उन्हाळ्यात कॉलर तयार केले. युद्धानंतर माइक आणि रेकॉर्ड प्लेयर आले, वादकांशिवाय भागायला लागलं, उपनगरं वाढत होती, आणि हा नाच फोफावला. पहिलं राष्ट्रीय अधिवेशन १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला. १९८२ मध्ये तर अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) कायदा करून १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांपुरता हा राष्ट्रीय लोकनृत्य ठरवला. ते कायमचं करायचा प्रयत्न बऱ्याचदा झाला, पण इतर लोकनृत्यवाले भांडले. बरोबरच होतं त्यांचं.

शंकेखोर

माहितीबद्दल आभार, आजोबा. काळ्या कलावंतांचा भाग माहीत नव्हता. तरी प्रश्न उरतोच: आज किती काळी माणसं दिसतात तिथे?

खडूसआजोबा

कमी. यावर सारवासारव करणार नाही.

रानजाई

याला जोडून. आज जी 'जोडीदार नको, पोशाख नको, कोणीही कोणतीही भूमिका घ्या' पद्धत केतकीला सोयीची वाटतेय, ती पसरवण्यात समलिंगी क्लबांचा हात मोठा आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली, दर वर्षी अधिवेशन भरवतात. त्यांच्या क्लबांत कोणालाही मज्जाव नसतो. मला एका गावात (नाव नको) जोडीदार नाही म्हणून रात्रभर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच गावातल्या समलिंगी क्लबात गेले, तर दोन्ही भूमिका शिकून आले.

केतकीबन

केवढी माहिती मिळाली! एक नाजूक प्रश्न. आमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की नाच संपल्यावर सगळे मिठ्या मारतात. सवय नाही हो आपल्याला.

खडूसआजोबा

त्याला 'यलो रॉक' म्हणतात. आमची ही पहिल्या दिवशी घाबरून माझ्यामागे लपली होती. पुढे तिनेच चार जणींना पिठल्याची पाककृती दिली. नको असेल तर हात पुढे कर, समोरचा हात मिळवतो. हल्ली लोक आधी विचारतातही.

म्युनिककर

शिष्टाचाराचं आणखी एक. टिप सुरू झाल्यावर मधून निघून जायचं नाही, काहीही झालं तरी. सात जण उघड्यावर पडतात. आणि हात घट्ट पकडायचे नाहीत, अंगठ्याने तर नाहीच. समोरच्याला संधिवात असू शकतो.

स्क्वेअर मोडला की कोणाची चूक ते शोधत बसायचं नाही. समोरासमोर दोन ओळी करून उभं राहायचं, कॉलर बघतो आणि उचलून घेतो.

पोळीभाजी

पुण्यात बसून हे सगळं कसं करायचं? मला आता खाज सुटलीय.

अष्टावधानी

आठ माणसं जमव, बाकी सोपं. खरंच सांगतो. सोसायटीच्या हॉलमध्ये आठ जण आणि यूट्यूबवर नवख्यांसाठी कॉलरनी टाकलेले धडे. पहिल्या संध्याकाळी सर्कल लेफ्ट, डो-सा-डो, ॲलमांड लेफ्ट, राइट अँड लेफ्ट ग्रँड, प्रॉमेनेड एवढंच घ्या. त्यावर तासभर हसत निघतो.

आठ जमले नाहीत तर चारही चालतात. २०२० मध्ये सगळे हॉल बंद झाले तेव्हा कॉलर घरून झूमवर कॉल द्यायचे आणि लोक दिवाणखान्यात सोफा सरकवून दोनच जोड्यांचा नाच करायचे. काही जण तर नवरा-बायको दोघंच, उरलेली माणसं आहेत असं समजून. आवाज उशिरा पोचतो म्हणून सगळ्यांना म्यूट करावं लागे. नाचणाऱ्याला काही फरक पडत नव्हता, कारण संगीत आणि कॉल एकत्रच येत. पंचाईत कॉलरची. टाळ्या नाहीत, ओरडा नाही, एखाद्या घरात गडबड झाली तरी कळायचं नाही. पण त्या काळात मी सिएटल, स्टॉकहोम आणि टोकियोच्या लोकांबरोबर एकाच संध्याकाळी नाचलो. हॉल उघडल्यावर त्यातले काही प्रत्यक्ष भेटले. त्यांचे पाय पहिल्यांदाच दिसले!

शंकेखोर

मी कोथरूडला. पोळीभाजी, तुम्ही कुठे? मी नाचणार नाही, पण स्पीकर आहे माझ्याकडे.

पोळीभाजी

वारज्याला. स्पीकर आणणाऱ्याला नाचावं लागतं, नियम आहे.

म्युनिककर

तुम्हा दोघांना आणखी सहा लागतील. वेगळा धागा काढा, इथे शोधणाऱ्याला सापडणार नाही. शीर्षकात 'पुणे' आणि 'नवखे' दोन्ही शब्द घाला.

केतकीबन

टेक स्क्वेअर्सला ईमेल केली होती, उत्तर आलं. त्यांचा क्लास सत्राबरोबर सुरू होतो आणि एका सत्रातच प्लसपर्यंत नेतात! बाकीचे क्लब याला फार वेळ घेतात ना? मी झेपेल की नाही याच्या विचारात आहे.

अष्टावधानी

बाकी ठिकाणी बरेचदा वर्ष लागतं. तिथे तेरा आठवडे. वेग आहे, पण बुडवू नकोस एवढंच पथ्य. एक मंगळवार चुकला की पुढच्या मंगळवारी पाचसहा कॉल डोक्यावरून जातात. चुकलाच तर क्लासच्या ईमेल यादीवर लिही. 'एंजल' म्हणून जुने नाचणारे येतात, ते लवकर येऊन शिकवतात. त्यांना बोलवावं लागतं मात्र, आपणहून घरी येणार नाहीत.

केतकीबन

ठरलं. नाव नोंदवते. नवरा म्हणतोय सोडायला येईन आणि बाहेर गाडीत बसेन.

खडूसआजोबा

गाडीत बसू देऊ नकोस. एखाद्या रात्री सातच जमतील, तेव्हा लागेल तो.

रानजाई

केतकी, मी फ्रेमिंगहॅमहून मंगळवारी जाते. वॉल्थॅम वाटेतच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघ.